चुकलेल्या नावाचा बाप्तिस्मा

अण्णांना कुणी धार्मिक म्हटलं की त्यांना राग यायचा. "धार्मिक-बिर्मिक नक्को, अम्मा. मी ड्रायव्हर आहे," म्हणायचे. ड्रायव्हर तरी कशाचे, तर सडकेवरची खडी दाबायच्या रोलरचे. वाफेवर चालणारं ते धूड बैलगाडीच्याही मागं पडायचं. शाळेत जाणारी पोरं त्याच्याबरोबर चालायला लागायची आणि कंटाळून पुढं निघून जायची. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. "आजवर माझ्या गाडीखाली एक कोंबडी मेली नाही," असं ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. खरं तर एखाद्या कोंबडीनं मरायचं ठरवलंच असतं तरी तिला बराच वेळ वाट बघत बसावं लागलं असतं.

माणूस मूळचा गुंटूरकडचा. तरुणपणी हैदराबादला आला आणि निजामाच्या बांधकाम खात्यात चिकटला. मग निजामी गेली, पुढं मुलूख वेगळे झाले, आणि त्या वाटणीत रोलर मराठवाड्याच्या वाट्याला आला. रोलरबरोबर अण्णाही आले. सोलापूर-हैदराबाद सडकेचा उमरग्याजवळचा तुकडा त्यांच्याकडं होता. बायको म्हाताऱ्या आईला सांभाळत तिकडंच राहिलेली. वर्षातून एकदा अण्णा गावी जायचे आणि येताना लोणच्याची भली मोठी बरणी आणायचे. ते लोणचं खाऊन आमच्या सगळ्या ओळीतल्या बिऱ्हाडांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

माझ्या यजमानांना उमरग्याच्या मिडल स्कुलात नोकरी लागली म्हणून आम्ही नगरकडनं तिथं गेलो. यजमान, सासूबाई आणि मी. आम्ही ख्रिस्ती, तिसऱ्या पिढीचे. गावात ख्रिस्ती घरं अगदी थोडी. रविवारी शाळेमागच्या खोलीत उपासना व्हायची, आणि पाद्रीसाहेब दोन-तीन महिन्यांनी एकदा सोलापूरहून एस.टी.नं यायचे. अण्णा ख्रिस्ती, म्हणजे भिंतीला भिंत लागून आपल्यातलाच माणूस राहतो हे कळल्यावर सासूबाईंना मोठा धीर आला. मला मुळीच आला नाही. समोरच्या मैदानात तो रोलर उभा असायचा आणि त्याच्या धुरानं माझी वाळत घातलेली लुगडी काळी व्हायची. शिवाय "आपल्यातला" म्हणावा तर तेही नव्हतं, अण्णा लूथरन पंथाचे. आमच्या मंडळीत कुणी "लूथरन" हा शब्दच ऐकलेला नव्हता. एकजण तर किती दिवस तो रोलरच्या कंपनीचा शब्द समजत होता.

सकाळी उठलं की अण्णा दारातल्या रांजणापाशी उभे राहायचे, तोंडावर पाण्याचे सपकारे मारायचे, ओल्या बोटानं कपाळावर क्रूस काढायचे आणि तेलुगूत दरडावून काहीतरी बोलायचे. मला वाटलं, घरात कुणीतरी आळशी पाहुणा आहे आणि त्याला झापतायत. एकदा विचारलं, "कुणावर रागावता हो रोज?"

"माझ्यावर, अम्मा. त्याला सांगतो, तुझा बाप्तिस्मा झालाय. ऊठ, कामाला लाग."

"तो तर लहानपणीच झाला असेल ना? रोज काय सांगायचंय?"

"रोज विसरतो ना साला," म्हणाले आणि लगेच जीभ चावली. "बघा, आत्ताच विसरला."

शिव्या हा त्यांचा खरा शत्रू. बॉयलर रुसला की अण्णा त्याला असं काही बोलायचे, की भाषा न कळूनही बायका पदर सावरून आत जायच्या. मग डोक्यावरची काळी टोपी काढायचे, वर बघून माफी मागायचे, मुकादमाची माफी मागायचे, एकदा तर मी त्यांना बॉयलरचीही मागताना पाहिलंय. आणि टोपी डोक्यावर जाते न जाते तोच पुन्हा सुरू. यजमान एकदा हसत म्हणाले, "अण्णा, तुम्ही निम्मे संत आणि निम्मे पापी दिसता." अण्णा गंभीरपणे म्हणाले, "निम्मं-निम्मं नाही, मास्तर. पापी पण पूर्ण, आणि धुतलेला पण पूर्ण. त्याचा हिशेब मला जमत नाही, म्हणून तो ज्याचा त्याच्याकडं ठेवलाय."

मंडळीत त्यांच्याविषयी कुरकुर असायची. ते दारोदार पत्रकं वाटायला यायचे नाहीत. उपास धरायचे नाहीत. "धरा की तुम्ही, तब्येतीला बरं असतं," एवढंच म्हणायचे. आणि एकदा तर कहरच झाला. जवळच्या एका खेड्यात देवीची जत्रा होती, आणि सडकेवरून आत वळायच्या ठिकाणी पावसाळ्यानं मोठा खड्डा पाडला होता. अण्णांनी काम सुटल्यावर मुरूम टाकून घेतला आणि रोलर फिरवून तो वळणाचा तुकडा आरशासारखा करून ठेवला. रविवारी उपासना संपल्यावर त्यांना जाब विचारला गेला. दुसऱ्यांच्या देवाच्या जत्रेला रस्ता करून देणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का?

"देवाला सडक कशाला लागते?" अण्णा म्हणाले. "तो काय एस.टी.नं येणाराय? सडक शेजाऱ्याला लागते. परवा तिथं एका गाडीत पोटुशी बाई होती. खड्ड्यात गाडी गेली की 'आई गं' म्हणायची. मी देवासाठी कामच करत नाही बाबा. त्याला माझ्या कामाची गरज नाही. तिला होती."

जाब विचारणारे चपला घालून निघाले. मला मात्र त्या दिवशी प्रथमच वाटलं, लुगडी काळी होतात ती होऊ देत.

आता जे सांगायचं त्यासाठी थोडं मागं जायला हवं. उमरग्याला येण्याआधी आमचं पहिलं मूल गेलं होतं. सातव्या महिन्यात झालं, मुलगा होता, आणि पाद्रीसाहेबांना बोलावून आणेपर्यंत संपलं. नाव ठेवलं गेलं नाही, बाप्तिस्मा झाला नाही. स्मशानभूमीच्या कोपऱ्यात, भिंतीलगत, कुणी काही न म्हणता पुरलं. सासूबाईंनी ते फार मनाला लावून घेतलं. भाकरीचं पीठ मळता मळता मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "पोर बिननावाचं उभं असेल गं तिथं. त्याला कोण काय म्हणून हाक मारणार?" मला ते ऐकवत नसे. मी त्यांच्यावर ओरडायची आणि मग चुलीपुढं बसून राहायची. तेव्हापासून माझ्या आतली प्रार्थनाच आटली. उपासनेला जायची, डोळे मिटायची, गाण्याला ओठ हलवायची, बस्स.

हे यजमानांनाही कळलं नव्हतं. अण्णांना कळलं. एका रविवारी परत येताना म्हणाले, "अम्मा, तुमच्या गाण्याला आवाज नाही."

मी भडकले. "तुम्हाला काय करायचंय? तुमच्या आवाजात दुसऱ्या कुणाचा ऐकू तरी येतो का?" हे खरंच होतं. अण्णा गायचे म्हणजे रोलर बरा.

"म्हणूनच मोठ्यानं गातो. मंडळी कशाला असते? एकजण थकला की दुसऱ्यानं म्हणायचं. तुम्ही बसा आरामशीर. तुमचा विश्वास किती ते मोजून देव काही देत नाही. तो रेशनचं दुकान चालवत नाही."

कुणीतरी मला "विश्वास धर" असं न सांगता "बस" म्हणालं होतं, एवढ्यानंच मला त्या दिवशी हलकं वाटलं. घरी जाऊन मी पोटभर जेवले.

पुढं मला पुन्हा दिवस गेले. सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून ठरवून टाकलं की मुलगा आहे आणि त्याचं नाव शमुवेल. देवाकडं मागून घेतलेला म्हणून शमुवेल. सकाळ-संध्याकाळ त्या मोठ्यानं प्रार्थना करायच्या, "प्रभू, माझ्या शमुवेलाला सुखरूप आण. या खेपेला नावाशिवाय नेऊ नको." भिंत एकेरी विटांची. पलीकडं अण्णा रोज ते ऐकायचे आणि सासूबाईंचं संपलं की तिकडनं खणखणीत "आमेन" यायचं.

दिवस भरायच्या बरेच आधी एका सकाळी कळा सुरू झाल्या. यजमान परीक्षेच्या कामासाठी उस्मानाबादेला गेलेले. सुईण आली, अनुभवी बाई, हजारदा हे केलेली. बाळ झालं पण रडलं नाही. सुईण त्याला चोळत होती, पालथं करत होती, कापडात गुंडाळून पुन्हा चोळत होती. मला तिचा चेहरा दिसत होता आणि मला तो चेहरा ओळखीचा होता. पहिल्या वेळच्या सुईणीचाही असाच झाला होता.

सासूबाई धावत दारात गेल्या आणि ओरडल्या, "अहो कुणीतरी या हो! पाद्री नाही, मास्तर नाही! पोर पुन्हा तसंच चाललं!"

अण्णा मैदानात रोलरला तेल घालत होते. ते तसेच पळत आले. रांजणातनं तांब्या भरून घेतला. हात धुवायचंही भान नव्हतं. उंबऱ्याच्या आत आले नाहीत, माझ्याकडं पाठ करून आडवे उभे राहिले आणि सुईणीला म्हणाले, "इकडं धर, अक्का." तिनं ते गुंडाळलेलं बोचकं पुढं केलं. कपड्यातनं फक्त डोकं दिसत होतं. अण्णांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तीनदा पाणी घातलं. सगळं तेलुगूत. मला त्यातला एकच शब्द कळला, शमुवेल. सासूबाईंनी "आमेन" म्हटलं.

त्या थंडगार पाण्यानं म्हणा की कशानं म्हणा, बाळ दचकलं. हात झाडले, आ वासला, आणि मांजराच्या पिल्लासारखा आवाज काढला. मग खरं रडलं.

सुईणीनं त्याला माझ्या अंगाशी दिलं. कपाळावर काळ्या वंगणाचा क्रूस होता. मला काहीतरी म्हणायला हवं होतं, आभार, विनवणी, काहीही, पण आतलं काही वर येईना. मी उंबऱ्याकडं बघून म्हटलं, "अण्णा, माझ्याच्यानं प्रार्थना होत नाही हो."

"नक्को करू," ते पाठमोरेच म्हणाले. "प्रार्थना मी करतो. तुम्ही दूध पाजा. दोन्ही एकच काम आहे, आज वाटून घेऊ."

आणि ते पायरीवर बसून त्यांच्या त्या भयंकर आवाजात गायला लागले. मी बाळाला छातीशी धरलं. किती वेळानं कोण जाणे, ते ओढायला लागलं. मला आठवतंय, मी इतकी मोकळी झाले होते की मला हसूच येत होतं.

बाळ जरा ऊबदार झाल्यावर सुईणीनं त्याला पुसायला कापड सोडलं, आणि तिचा हात थांबला.

"आजीबाई," ती म्हणाली, "अवो, ही तर पोरगी हाय की! शमुवेल कुटला न् काय! गडबडीत म्या बी बघितलं न्हाय बगा."

बाहेरचं गाणं बंद पडलं.

सासूबाई तोंडाला हात लावून बसल्या. मी बाहेर बघितलं तर अण्णा उभे राहिले होते, तांब्या हातात तसाच. चेहरा असा झाला होता की जणू त्यांच्या रोलरखाली अखेर ती कोंबडी आली. ते तसेच निघून गेले.

त्यानंतर पाद्रीसाहेब येईपर्यंतचे आठवडे विचित्र गेले. पोर जगत होती, दिवसागणिक अंग धरत होती. माझ्या जिवाला केवढा विसावा मिळाला होता. पण सासूबाईंना एकच घोर लागला. बाप्तिस्मा लागला की नाही? नाव पोराचं, पोर मुलगी. घालणारा पाद्री नाही, ड्रायव्हर. भाषा तेलुगू. मंडळीतही तोच विषय. बहुतेकांचं मत पडलं की हे काही खरं नाही, पाद्रीसाहेबांनी आल्यावर रीतसर पुन्हा करावा. सासूबाईंनी पांढरा झगा शिवून घेतला आणि मार्था हे नाव मुक्रर केलं. तरी मधूनच त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन पाळण्यात डोकवायच्या. तोवर पोरीचं काही झालं तर, हे त्यांच्या मनात असायचं. खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात असायचं.

अण्णा मात्र आमच्या दारावरून जाईनासे झाले. मागच्या बाजूनं जायचे. सकाळचं दरडावणंही हळू आवाजात व्हायला लागलं. यजमान विचारायला गेले तर म्हणाले, "मास्तर, एकदा झाला तो झाला. पुन्हा पाणी घालायचं नसतं." पण खाली बघून म्हणाले. मला वाटलं, चूक केली ती केली, वर हट्ट.

पाद्रीसाहेब आले. बुटके, खोकल्यानं हैराण झालेले, शांत गृहस्थ. उपासनेआधी त्यांच्यापुढं सगळा मामला मांडला गेला. सासूबाई पोरीला नव्या झग्यात घेऊन पुढं बसल्या होत्या. एका मागून एक लोक बोलले. शेवटी पाद्रीसाहेबांनी अण्णांकडं बघितलं. अण्णा दाराशी उभे होते, धुतलेले कपडे, नखांत काळं.

मला वाटलं, आता वाद घालणार. त्यांनी टोपी काढली.

"साहेब, मी चुकलो," म्हणाले. "भिंतीपलीकडनं रोज शमुवेल ऐकायचो. तेच तोंडात आलं. बघायला पाहिजे होतं, विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. आता मनात येतं, देव शमुवेल नावाच्या पोराला शोधत असंल. आणि ही पोरगी माझ्यामुळं तशीच राहील."

मी किती आठवडे ज्याला हट्ट समजत होते ती भीती होती.

पाद्रीसाहेबांनी विचारलं, "पाणी घातलंत?"

"घातलं."

"कुणाच्या नावानं?"

"पिता, पुत्र, पवित्र आत्मा."

"त्यात काही चुकलं?"

"नाही साहेब. ते पाठ आहे."

"मग झालं तर. पोरीचं नाव तुम्ही चुकलात. ज्याच्या हवाली केलीत त्याचं नाव बरोबर घेतलंत. पुन्हा पाणी घालायला मी कोण?"

अण्णा तसेच उभे होते. म्हणाले, "साहेब, पुन्हा एकदा सांगता?"

पाद्रीसाहेबांनी पुन्हा सांगितलं, शब्द न् शब्द.

"अजून एकदा?"

आता लोक हसायला लागले. पाद्रीसाहेबही हसले, खोकले, आणि तिसऱ्यांदा सांगितलं. अण्णा मटकन खाली बसले आणि टोपीत तोंड खुपसून रडले. मग डोळे पुसत माझ्या यजमानांना म्हणाले, "मला माहीत होतं, मास्तर. लहानपणापासून माहीत आहे. पण आपलं आपल्याला सांगून पटत नाही. दुसऱ्याच्या तोंडून यावं लागतं."

"घरात काय हाक मारायची ती मारा," पाद्रीसाहेब सासूबाईंना म्हणाले. "मार्था म्हणा हवं तर."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "ती शमू म्हटल्याशिवाय बघत नाही आता." पुन्हा हशा झाला. सगळ्यांच्याच छातीवरचं ओझं उतरलं होतं. कुणीतरी गाण्याची पुस्तकं वाटायला लागलं.

सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. पोर मांडीवर, आणि त्या झग्याची किनार बोटांनी चाचपत होत्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "साहेब, आणि आमच्या पहिल्याचं काय हो? त्याला तर पाणीही नाही आणि नावही नाही."

एवढ्या लोकांत त्यांनी ते विचारलं होतं. पाद्रीसाहेबांनी चष्मा काढला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी हातानंच थांबा अशी खूण केली.

अण्णा उठून जवळ आले. सासूबाईंसमोर जमिनीवर बसले. त्यांचे डोळे अजून ओले होते.

"मोठ्या अम्मा," ते म्हणाले, "पाणी आपल्याला सांगितलंय, म्हणून आपण घालतो. देव काय पाण्याला बांधलेला नाही. मी भलत्याच नावानं हाक मारली तरी त्यानं तुमची पोरगी बरोबर ओळखली. मग ज्याला कुणी हाकच मारली नाही, त्याला तो ओळखणार नाही व्हय?"

पाद्रीसाहेबांचा खोकला थांबला होता. त्यांनी सासूबाईंकडं बघून मान हलवली. होय म्हणून.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग वळून त्यांनी माझा हात धरला, माझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, आणि म्हणाल्या, "ऐकलंस?"

मी म्हटलं, "ऐकलं, आई."